तानूबाईंच्या म्हशीचा पान्हा

१४ ऑगस्ट, कुंडल
कडब्याचे ट्रक रिकामे करून आमच्या देवळाची माणसं आटपाडीला परत गेली. दुष्काळात नदीकाठच्या गावांनी आम्हाला उसाचं वाढं पाठवलं होतं, आता पुरामुळे त्यांची जनावरं इथे छावणीत. वैरण घालायला मी एकटा थांबलो. पुजारी आप्पांनी कपाळाला भंडारा लावला. "देवाचं काम हाय. घाबरू नगंस."
घाबरलो आहे.

१५ ऑगस्ट
तानूबाईंची म्हैस, चंद्री, दूध देत नाही. रेडकू पुरात गेलं. बाईंना नावेतून काढलं, त्या इस्लामपूरला लेकीकडे आहेत. दोनदा धारेला बसलो, दोनदा लाथ. शेजारच्या दावणीचे बापू हसले. "मेंढरं राखणारा गडी तू. ती बाईच्या हातची हाय." मग कास चाचपून म्हणाले, "अशीच तटून राहिली तर सडं जातील." तेव्हा हसत नव्हते.

१६ ऑगस्ट
बापूंनी इस्लामपूरला फोन लावला, चंद्रीच्या कानाशी धरला. बाई म्हणाल्या, "चंद्रे, आगं सोड की. लेकरू हाय ते." कान हलले. मग धार. अर्धी बादली. 

२० ऑगस्ट
सकाळ-संध्याकाळ फोन. बाई आधी चंद्रीशी बोलतात, मग माझ्याशी. "जेवलास का रं?" इथे आल्यापासून हे दुसऱ्या कुणी विचारलेलं नाही.
आज फोनवर बाईंच्या मागून जावयाचा आवाज आला. "परक्या हाताला दूध देत न्हाई म्हणून गिऱ्हाईक मिळंना. न्हाईतर कवाच इकली असती."
बाई हळूच म्हणाल्या, "घर तर पडलं. ही बी गेली तर गावाला कशाला जाऊ मी?"

२३ ऑगस्ट
बापू बैलं घेऊन घरी गेले. दावणी ओस. चंद्री आणि मी.

२५ ऑगस्ट
सकाळी रेंज नव्हती. कास तटलेली. शेवटी बाईंचेच शब्द मी म्हणालो. "चंद्रे, आगं सोड की."
तिने पान्हा सोडला. बादली भरली. हाक मारून सांगावं असं वाटलं, पण कुणाला.
दुपारी फोन आला. जावई होते. "काय रं गड्या, लागली का म्हस तुझ्या हाताला?"
"न्हाई. बाईंचाच आवाज लागतोय."
मग बाई बोलायला लागल्या. दूध कधीच काढून झालं होतं, तरी त्यांचं संपेपर्यंत फोन चंद्रीच्या कानाशी धरून उभा राहिलो.
रविवारी छावणी मोडणार. आप्पा ट्रक घेऊन येतील. त्यांना काय सांगू, आणि चंद्रीला कुठे सोडून जाऊ?