सोड्याच्या पाण्यात धुतलेली बदकं

अण्णा, तुम्ही मूर्ख होतात, हे मी गेली कित्येक वर्षं दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले आहे. आज तुम्हालाच सांगायला बसले. माझं अक्षर चौथीपुढे वाढलं नाही, आणि का वाढलं नाही ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा त्याला हसू नका. हसण्यापलीकडे तसंही तुम्ही फार काही केलं नाहीत. दुकान आईने ओढलं, कोंबड्या मी सोलल्या, आणि तुम्ही गल्ल्यामागे खुर्ची टाकून खडकी बाजारातल्या निम्म्या लोकांना अक्कल शिकवलीत.

सकाळी समोरच्या नव्या टॉवरमधली एक मुलगी खोक्यात बदक घेऊन आली. मला वाटलं कापायला आणलंय. मी हात पुढे केला तर तिने खोकं छातीशी घट्ट धरलं. "नाही काकू, पाळलेलंय." घरातल्या पोरांनी त्याला शाम्पूने आंघोळ घातली होती, आणि टबात सोडल्यावर ते तरंगेना, मागच्या बाजूने बुडायला लागलं. "मोबाईलवर वाचलं, शाम्पूने पिसांचं तेल जातं म्हणे. खरंय का?" म्हटलं, "खरंय. आधी कोरडं करा, दिव्याच्या उबेला ठेवा, पाण्यात सोडू नका. शेपटीच्या मुळाशी त्याची तेलाची गाठ असते. तिथे चोच घासून ते एकेक पीस स्वतःच चोपडत बसेल. तुम्ही चोपडायला जाऊ नका, खोबरेल तर मुळीच नको." ती हसली. "तुम्हाला तर माहीतच असणार. रोजचंच काम तुमचं." ती गेली आणि मी सुरी हातात धरून तशीच उभी राहिले. ज्याचं रोजचं काम, त्याला माहीतच असणार. एवढी साधी गोष्ट, पण तुमच्या बाबतीत मी ती कधी मनाशी येऊच दिली नव्हती.

मी चौथीत होते तेव्हा आपल्या गिऱ्हाइकातल्या एका बंगल्यातल्या बाईंना बागेतल्या हौदात सोडायला चार पांढरी बदकं हवी होती. त्याच बाई मला ठेवून घेणार होत्या. सकाळी वरकाम, दुपारी शाळा, वह्या-पुस्तकं त्यांची. आईने माझे दोन फ्रॉक धुऊन घड्या करून ठेवले होते. नदीपलीकडून बदकं आली ती चिखलाने बरबटलेली. "असली मळकी बंगल्यावर नेणार? अब्रू घालवशील माझी," असं म्हणून तुम्ही बादलीत धुण्याचा सोडा कालवलात. स्वतःच्या हाताने, अण्णा. त्या दिवशी तुम्ही खुर्चीवरून उठलात, म्हणून तर मला एवढं लख्ख आठवतंय. मी नळाखाली बसले आहे, बदकं माझ्या मनगटाला चावताहेत, आणि तुम्ही डोक्यावर उभे राहून सांगताय, "वरवर नको, पिसाच्या मुळापर्यंत घास." आधी त्यांच्या पाठीवर पाण्याचे नुसते मणी व्हायचे आणि घरंगळून जायचे, खाली हात घातला तर अंग कोरडं. सोड्याचं पाणी मात्र सरळ आत शिरलं. बदकाचं पीस विस्कटलं तरी दोन बोटांतून ओढलं की चेन लावल्यासारखं पुन्हा सांधतं. ती पिसं सांधेचनात, ओल्या कापसासारखी चिकटून बसली. पण वाळल्यावर दिसली पांढरीशुभ्र. "बघ, कसे नवरदेव दिसतात," म्हणालात.

बंगल्यावर पाऊस भुरभुरत होता. हौदात सोडल्यावर चौघंही थोडा वेळ बरी पोहली, मग त्यांचा मागचा भाग खाली जायला लागला. एक तर बुडालंच, ते मी हात घालून वर काढलं. बाकीची काठावर चढून थरथरत बसली. पावसात साधी कोंबडीसुद्धा शेपूट खाली, मान वर करून, अंग बारीक करून उभी राहते, पाणी निथळून जातं. यांच्या अंगात पाणी मुरत गेलं. बाई छत्रीखालून शांतपणे म्हणाल्या, "अहो, मी बदकं सांगितली होती. हे स्पंज कुठून आणलेत?" तुम्ही वळून माझ्या कानाखाली मारलीत. "हिनं धुतली बाईसाहेब, हिनंच काहीतरी घोळ घातला. मी हात लावला नव्हता." बाई म्हणाल्या, "मारू नका तिला. पण माझ्या घरात काचेची भांडी आहेत हो. अशी मुलगी नको मला." संध्याकाळपर्यंत चारही मेली. घडी घातलेले फ्रॉक आईने पुन्हा ट्रंकेत टाकले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हातात सुरी आली.

एवढ्यावर मी तुम्हाला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच वर्षी नाताळाच्या ऑर्डरी आल्या. मी पहिल्यांदाच बदक सोलत होते. उकळत्या पाण्यात बुडवलं, वर काढलं, तर आतून कोरडंच, पिसं निघता निघेनात. तुम्ही खुर्चीतूनच म्हणालात, "अगं, पाण्यात मूठभर सोडा टाक. त्याशिवाय बदकाच्या पिसात पाणी शिरत नाही. माझ्या बापानं शिकवलंय मला." डबा तोच होता, बदकं धुतलेल्या सोड्याचा. मी डब्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "बघतेस काय? टाक." मी टाकला, आणि पिसं मुठीमुठीने हातात आली. तुम्ही तोवर पेपर तोंडासमोर धरला होतात. एरवी तुम्ही कधी दुपारी पेपर वाचला नाहीत.

म्हणजे बापाने शिकवलेलं तुम्हाला आधीपासून येत होतं. मेलेल्या बदकाच्या पिसात सोड्याने पाणी शिरतं हे ज्याला ठाऊक, त्याला जिवंत बदकाचं काय होईल हे सुचू नये? दगडालाही सुचलं असतं. मी त्या दुपारी ठरवून टाकलं की तुम्हाला नाही सुचलं. बायकोच्या जिवावर जगणारा, डोक्याने रिकामा माणूस, त्याला कुठलं सुचतंय. मग माझ्या लग्नानंतर, तुम्ही आजारी पडल्यावर, तुमचं हगणं-मुतणं काढताना, सगळ्यांना तेच सांगत राहिले. तुम्ही ऐकायचात आणि कधीही उलट बोलला नाहीत. तुमच्यासारखा तोंडाळ माणूस. तेव्हा मला वाटायचं, जिंकले.

हा कागद मी तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, बंबात घालणार आहे. त्या हौदापाशी मारलंत तेव्हा बदकं तुमच्याच सोड्याने बुडताहेत हे तुम्हाला कळत होतं की नव्हतं, हे विचारायला तुमच्या आजारपणात अख्खी दोन वर्षं माझ्या हातात होती. मी विचारलं नाही. तुम्ही "हो" म्हणाला असतात, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला अंघोळ घालायला माझे हात उठले नसते.