तव्याच्या कडेचा आवाज

आई, परवा दादा आपल्या लेकीच्या, म्हणजे माझ्या, स्वयंपाकघरात येऊन बसले, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात आहे.

पळसदेवचं आपलं घर डोळ्यांपुढं येतंय. काचबिंदूनं दादांची नजर गेली, मासेमारीची होडी सुटली, आणि ते घरी बसून चाचपत जाळी विणायला लागले. हाताला धरून नेलेलं त्यांना खपायचं नाही. मग तू घरभर आवाज ठेवलेस. दाराशी रेडिओ, मोरीतला गळका नळ मुद्दाम तसाच, आणि भाकरी झाली की तव्याच्या कडेला उलथनं वाजवायचीस. दादा उठतात, भिंतीला हात न लावता ताटावर येऊन बसतात. एकदा मामानं गाणी ऐकायला रेडिओ अंगणात नेला आणि दादांचं कपाळ चौकटीवर आपटलं. मामा पाहुणा, तरी तू त्याची गय केली नाहीस. "घरातला आवाज हलवायचा न्हाय," म्हणालीस. "त्यांचा रस्ता हाय त्यो."

तू गेलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. ती पांगली, आणि जेवणवेळी दादा मधल्या खोलीत नुसते उभे. पुढची सगळी वर्षं त्यांनी भिंत धरून काढली.

मी आता बारामतीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोबो बनवते, दवाखान्यात औषधं पोचवणारा. छताखाली मोबाइलच्या नकाशासारखं काही चालत नाही, म्हणून आम्ही कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर ठेवतो. कुठला आवाज कुठून आला ते ऐकून तो आपली जागा ओळखतो. लोक कौतुक करतात. मला तुझा रेडिओ आठवतो आणि रडू येतं.

यंदा गुडघे धरले म्हणून दादा माझ्याकडं आले. जागा नवी, सारखे ठेचकाळायचे. मी घरातही स्पीकर लावले, तर त्या टूं-टूंनं ते वैतागले. मग उलथनं तव्याच्या कडेला वाजवून तो आवाज रेकॉर्ड केला आणि ओट्यापाशी स्पीकरवर लावला. परवा दादा उठले ते थेट आले. बसले. ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "ते बंद कर बाय. मी येतो बरोबर, पण आल्यावर ती नसती."

स्पीकर काढला. आता मी त्यांचा हात धरते आणि ते धरू देतात, याचंच जास्त वाईट वाटतं.

हे लिहिलेलं वाचून दाखवायचं तर दादांनाच, आणि ते मला जमणार नाही. पण तुला सांगते, तो आवाज मी पुसलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी झाली की एका कोपऱ्यातल्या स्पीकरवर रोबोसाठी लावते. तो थेट त्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. तिथं कुणी नाही, हे त्याला कळत नाही. मला कळतं, तरी दर वेळी मी तिकडं बघते.