सात सेकंदांनी बोलणारे दुसरे गृहस्थ

विचिटा, कॅन्सस
शुक्रवार, ९ ऑगस्ट १९९६

नाही मामा, रेडिओ बंद करा असं मी तुम्हाला सांगितलं होतं. फोन जोडायच्या आधी सांगितलं होतं, आणि मोठ्याने सांगितलं होतं. तुम्हाला ते ऐकू गेलं नाही त्याला मी काय करू? मामीने पोस्टकार्डावर लिहिलंय की तुम्ही घरात माझं नाव काढायला मनाई केली आहे. त्याच कार्डावर तिने माझं नाव पाच वेळा काढलंय, तेव्हा मनाई तुमच्यापुरतीच असावी.

पत्रात आधी नमस्कार घालायचा असतो, तो राहिला, तो इथे घालतो. तुम्हाला आणि ओपल मामीला माझा नमस्कार. तुमचा डावा कान कसा आहे? मामीच्या गुडघ्याला आराम पडला का? इथे उकाडा एवढा आहे की रेडिओ स्टेशनच्या छतावरचं डांबर बुटाला लागून घरापर्यंत येतं. बाकी मी ठीक. आणि पक्षाच्या तिकिटासाठीच्या मतदानात निवडून आल्याबद्दल अभिनंदन, हे खरं तर पहिल्या ओळीत हवं होतं. त्रेसष्टच्या फरकाने तर त्रेसष्टच्या, मतं ती मतं. मंगळवारी आकडा कळला तेव्हा मी स्टेशनच्या पायरीवर बसलो आणि जूननंतर पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. आता नोव्हेंबरची काळजी नाही. आपल्याकडे रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मिळालं की झालं. दुसऱ्या पक्षाची सगळी मिळून अकरा माणसं, त्यांतली चार लायब्ररीत नोकरीला.

तुमची दुसरी तक्रार मात्र मला मान्य आहे. एक सेंटाची गोष्ट हब टॉलिव्हरच्या कानावर मीच घातली. पण चहाडी म्हणून नाही हो, फुशारकी म्हणून. जूनमध्ये एका दुपारी आम्ही दोघं जेवत होतो. (आमच्या सकाळच्या कार्यक्रमात हब सिंहासारखा गरजतो, पण खाताना बघाल तर कीव येईल. पोटात अल्सर आहे, त्यामुळे नुसतं पनीर आणि उकडलेलं पीच. गाडी ताशी चाळीस मैलांनी चालवतो, इंडिकेटर अर्धा मैल आधी लावतो.) त्याने विचारलं, तुझ्या घरी राजकारणात कोण आहे? मी म्हटलं, माझा मामा चौदा वर्षं विधानसभेत आहे, आणि त्याने यंदा पेट्रोलवर एक सेंट कर बसवायला मत दिलं, एकट्याने पक्षाच्या विरुद्ध जाऊन, कारण आमच्या ओढ्यावरचा पूल एवढा खचलाय की शाळेची बस अलीकडे थांबते आणि पोरं चालत पलीकडे जातात. माझी छाती अशी फुगली होती. हबने चमचा खाली ठेवला. मला वाटलं, त्याचं मन भरून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी तुम्ही 'एक सेंटवाले आजोबा' झालात.

तेव्हाच मी नोकरी सोडायला हवी होती असं मामीचं म्हणणं. पण मामी, दोन वर्षांत माझी ही पाचवी नोकरी. धान्याच्या कोठारात धूळ सोसली नाही, पिझ्झावाल्याची गाडी मी त्याच्याच खांबावर घातली, उबवणी केंद्रात पिल्लांची मोजदाद करताना झोप लागली, आणि छपरं घालणाऱ्याने तर कारणही सांगितलं नाही. दहावीत शाळा सोडलेल्याला खुर्चीत बसून पगार हे एकच ठिकाण देतं. काम असं: फोन घ्यायचा, माणूस शुद्धीवर आहे का बघायचं, नाव-गाव विचारायचं, आणि हबच्या समोरचा दिवा लावायचा. टेबलावर एक कार्ड चिकटवलंय, त्यावर मी म्हणायची तीनच वाक्यं आहेत. नाव काय. गाव कुठलं. तुमचा रेडिओ बंद करा. हे तिसरं फार महत्त्वाचं. कारण आमच्याकडे बोललेलं लगेच हवेत जात नाही, सात सेकंदांनी जातं (मध्येच कुणी शिवी दिली तर कापता यावी म्हणून). फोन करणाऱ्याचा रेडिओ चालू राहिला तर त्याला सात सेकंदांपूर्वीचा स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि भलीभली माणसं ततपप करायला लागतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं, हे मी समजू शकतो.

हब तुमच्या मागे लागला त्या चाळीस दिवसांत तुमच्या जिवाला काय झालं ते मला कळत नव्हतं असं समजू नका. मी काचेच्या अलीकडे बसून रोज ऐकत होतो. आणि तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट मला दिसत होती: हॅम. पक्षातला एकेक मोठा माणूस हबला हॅम पाठवतो, डुकराची आख्खी खारवलेली तंगडी. ईस्टरला, नाताळला, निवडणुकीच्या आधी, आणि हबने शिव्या दिल्या की पुन्हा. अल्सरमुळे हब त्याला हात लावत नाही, ते सगळं माझ्या फ्रिजमध्ये येतं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मधात घोळवलेलं एक भलंमोठं हॅम आलं, चिठ्ठीवर नाव डेल्बर्ट पेनर. आपल्या जिल्ह्याचे पक्षाध्यक्ष. जे गेली वीस वर्षं मामीने भाजलेला चेरी-पाय खाऊन तुमच्याबद्दल 'मर्लसारखा माणूस नाही' म्हणतात, तेच. मामीने तेव्हा कळवलं होतं की पेनरसाहेबांनी कॅफेत तुमच्या टेबलावरची आपली खुर्ची उचलून खिडकीशी नेली, उन्हाचं कारण सांगून. मामा, ऊन खिडकीतूनच येतं. मग त्यांनी तुमच्याविरुद्ध रँडी युंगरला पुढे केला. त्या बिचाऱ्याला मी सहा वेळा हबशी जोडून दिलाय. गरम पाण्याचे टब विकतो, पूल म्हटलं की त्याला पोहायचा तलाव आठवतो. पण हब सोमवारी जे बोलतो ते रँडी मंगळवारी तोंडपाठ म्हणतो, खोकल्यासकट. पक्षाला तेवढं पुरलं. आणि गंमत म्हणजे ज्याच्या घशावर आख्खा पक्ष चालतो तो हब स्वतः मत देत नाही. सकाळी कार्यक्रम असतो आणि दुपारी त्याला झोप येते.

तर तो जुलैअखेरचा गुरुवार. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. हब तुमच्यावरच घसरला होता, पाच दिवे लागलेले, आणि सहावा फोन तुमचा. तुम्ही दुकानात उभे होतात, पंप दुरुस्तीच्या. मामीकडून नंतर सगळं नीट कळलं: फोन सवयीप्रमाणे डाव्या कानाला, म्हणजे इंजिनाने बधिर केलेल्या, आणि चांगला उजवा कान फळीवरच्या रेडिओकडे, तो पूर्ण आवाजात. मी हबला खूण केली की नको. हबने खूण केली की दे. मी जोडला.

तुम्ही फार छान बोललात, मामा. मी खोटं कशाला सांगू. तुम्ही म्हणालात, "मी मर्ल श्राग. पुलाला पैसे लागतात. समुद्र दुभंगून वाट करून देणारा माणूस आपल्या जिल्ह्यात कुणी असेल तर त्याला उभा करा, मी अर्ज मागे घेतो." हबने तोंड उघडलं, नेहमीचं वाक्य जिभेवर आणलं, आणि तेवढ्यात तुमच्या फळीवरून तुमचाच आवाज आला.

तुम्ही म्हणालात, "थांबा हो हब, जरा थांबा. हे दुसरे गृहस्थ काय म्हणताहेत ते ऐका."

हब म्हणाला, "कोण दुसरे?"

"हे काय, रेडिओवर आहेत. मुद्द्याचं बोलताहेत. कुठल्या गावचे हो तुम्ही?"

मी इकडे काचेवर हात आपटत होतो. हबने मला बोटाने गप्प बसवलं. सात सेकंद झाले आणि फळीवरच्या गृहस्थांनी विचारलं, कुठल्या गावचे हो तुम्ही. तुम्ही म्हणालात, "मी इथलाच. पण आधी तुम्ही बोला, मी मध्ये बोललो, चुकलं माझं." आणि गप्प राहिलात. मग ते म्हणाले, आधी तुम्ही बोला, मी मध्ये बोललो, चुकलं माझं. तुम्ही म्हणालात, "छे छे, तुम्हीच." ते म्हणाले, छे छे, तुम्हीच. हे मामा, दीड मिनिट चाललं. मी टेपवरून घड्याळ लावून मोजलंय. अकरा वर्षांत हबच्या कार्यक्रमात 'आधी तुम्ही' हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. शेवटी तुम्ही म्हणालात, "हब, हे गृहस्थ फार भिडस्त दिसतात. त्यांच्या वतीने मीच विचारतो. तुम्ही आमच्या पुलावरून शेवटचे कधी गेलात?"

हबने उत्तर दिलं नाही, कारण हब टेबलाखाली होता. हेडफोनची वायर गळ्यात, डोळ्यांतून पाणी, अल्सरवर हात. मला वाटलं झटका आला. वर आला तेव्हा त्याने माइक ओढला आणि म्हणाला, "ऐका रे सगळे. स्वतःशी इतकं सभ्यपणे वागणारा राजकारणी मी जन्मात पाहिला नाही. मर्लच्या वाटेला जाऊ नका." एवढंच. चाळीस दिवसांचं काम अकरा सेकंदांत उलटं झालं. शनिवारी मामीचा फोन आला की पेनरसाहेबांना खिडकीतलं ऊन सोसेना, खुर्ची परत तुमच्या टेबलाला लागली, आणि त्यांनी चेरी-पायचा दुसरा तुकडा मागितला. इकडे सोमवारी मला अजून एक हॅम आलं. आणि रँडीने म्हणे मंगळवारी एका सभेत 'पुलाला पैसे लागतात' असं सांगितलं, खोकल्यासकट.

मामी लिहिते, निकालानंतर तुम्ही हसला नाहीत. ते दुसरे गृहस्थ कोण हे मतदानाच्या आदल्या दिवशी कुणीतरी कॅफेत सांगितलं, तेव्हा तुम्ही घरी येऊन रेडिओ गुरांच्या पाण्याच्या टाकीत टाकलात. आणि निकाल लागल्यावर म्हणालात की चौदा वर्षं काम केलं ते कुणी मोजलं नाही, दीड मिनिट येडपट ठरलो त्यावर निवडून आलो. कार्ड आल्यापासून मी यावर विचार करतोय, आणि मला विचाराची सवय नाही. तुमचं खरं आहे. पण हब शिव्या देत होता तेव्हा तरी लोक कुठे पूल मोजत होते? तेव्हाही रेडिओच मोजत होते. आणि मला विचाराल तर ते येडपट नव्हतं. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून आलं आणि तरी पटलं, असं त्या विधानसभेतल्या किती जणांचं होईल? बस पुलावरून जाईल, मामा. पोरं बसमध्ये बसून पलीकडे जातील. हब काय म्हणाला हे त्यांना कळणारही नाही. माझा जीव भांड्यात पडलाय, तो तिथेच राहू द्या.

मामीला सांगा तिच्या बिरॉकची फार आठवण येते. इथे त्या नावाने कोबी घातलेला पाव मिळतो, पण त्यात खिमा शोधावा लागतो.

तुमचा भाचा,
वेड

ता. क. हे मी सहज लिहितोय, मनावर घेऊ नका. हबला तुम्ही दर गुरुवारी दहा वीसला हवे आहात, दहा मिनिटं, रेडिओ चालू ठेवून. मी म्हटलं मामा येणार नाही. तो म्हणाला, मग तूही येऊ नकोस. तेव्हा हो की नाही एवढं मामीकडून गुरुवारच्या आत कळवा. सहावी नोकरी शोधायला माझी हरकत नाही, पण विचिटात आता थोडीच दुकानं उरली आहेत. आणि तुम्ही हवं ते विचारू शकता, पुलाबद्दलसुद्धा. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

आणखी एक ता. क. पत्र पाकिटात घालून परत काढलं. मामा, रेडिओ बंद करा असं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. कार्ड समोर होतं. नाव काय, गाव कुठलं, दोन्ही विचारलं (तुमचं नाव, आणि तेही मी कार्डावरून वाचून विचारलं). आणि तिसरं म्हणणार तेवढ्यात तुम्ही आवाज ओळखलात. आख्खं राज्य तुम्हाला सोलायला बसलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "वेड? अरे, आवाज बारीक झालाय तुझा. नीट खातोस ना?" मी तिसरं वाक्य विसरूनच गेलो. बटण दाबून तुम्हाला जोडून टाकलं.

त्या दिवशी उत्तर द्यायचं राहिलं. हो मामा, नीट खातोय, पेनरसाहेबांचं हॅम अजून निम्मं आहे. आणि रेडिओ माझ्यामुळे टाकीत गेला, म्हणून नव्यासाठी सोबत पैसे पाठवतोय. आवाजाचं बटण मोठं असलेला घ्या. एकतीस डॉलर.