येतंय का?

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पोहोचलो. इमारत आठ मजल्यांची, सगळी कचेऱ्यांची. मागच्या बाजूला तळमजल्यावर मला राहायला खोली दिली आहे. खोली चांगली आहे. भिंतींना नवा रंग, सकाळचं ऊन थेट आत येतं. आल्या आल्या टेपने जागा मोजली. खिडकीपाशी दुसरी खाट आरामात मावेल. खारूची शाळेची परीक्षा संपली की तिला इकडे आणायचं, तोवर ती माझ्या ताईकडे. तिची आई होती तेव्हा ती तिला खारूताई म्हणायची. आता सगळेच खारू म्हणतात.

निघताना ताईने ही वही हातात कोंबली. बोलत नाहीस तर लिही तरी, म्हणाली. म्हणून लिहितो आहे.

काम नेहमीचंच. बाहेर रस्त्यावर मोबाइलला भरपूर रेंज, दारातून आत पाऊल टाकलं की काही नाही. मुळात भिंती जाड, त्यात उन्हासाठी नव्या काचा बसवल्या आहेत, धातूचा पातळ थर असलेल्या. त्या उष्णता अडवतात तशा लहरीही अडवतात. हल्ली आमच्याकडे अशीच कामं जास्त येतात. लोकांना लिफ्टमध्ये, तळघरातसुद्धा पूर्ण रेंज हवी, आणि इमारती मात्र दिवसेंदिवस डबाबंद होत चालल्या आहेत. नव्या फोनच्या लहरी तर भिंत पाहिली की माघारीच फिरतात. उपाय एकच. गच्चीवर मोठा अँटेना, तळघरात यंत्र, आणि तिथून केबल ओढून मजल्यामजल्यावर छताला बशीएवढे लहान अँटेना.

जोडीदार चांगला मिळाला आहे. त्याला सगळे शिडी म्हणतात, कारण त्याला शिडी लागत नाही. म्हणाला, माझ्या डोक्याचं आणि छताच्या पंख्यांचं पिढीजात वैर आहे.

संध्याकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन खारूला फोन केला. खोलीचं वर्णन सांगितलं. तिने विचारलं, झाड आहे का. आहे म्हणालो. आज बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

इथल्या लोकांना आम्ही नको आहोत. इमारतीची देखभाल एक बाई बघतात, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर असा टाकला की घरंगळत माझ्या पायाशी आला. उचलून कोणी दिला नाही. चहाच्या खोलीत आम्ही शिरलो की बोलणं थांबतं. एका कारकुनाने तेवढं हसून सांगितलं, की आत फोन लागत नाही हेच इथलं एकमेव सुख आहे, तेही तुम्ही काढून घ्यायला आलात. बाकी कोणी हसलं नाही.

दुपारी शिडीने लांबच्या टोकावरून मला हाक मारली. पट्टी मागत होता. सगळ्या टेबलांवरच्या माना एकदम वर झाल्या. मोठ्या बाई खोलीतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, इथे कोणी कोणाला हाक मारत नाही. काम असेल तर उठायचं आणि जवळ जाऊन बोलायचं. शिडीने नंतर जिन्यात त्यांची नक्कल केली, नाक फेंदारून.

मला ती रीत आवडली. माझ्यासारख्या माणसाला सोयीची जागा, असं वाटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून चालून तपासणी. एकाने तळघरात फोन घेऊन बसायचं, दुसऱ्याने चालू फोनवर बोलत प्रत्येक खोलीतून, प्रत्येक कोपऱ्यातून फिरायचं. मी विचारायचं, येतंय का? त्याने म्हणायचं, येतंय. आवाज तुटला की नकाशावर लाल खूण, आला की हिरवी. दिवसभर तोंडात दुसरं वाक्य नाही. शिडी म्हणाला, झोपेतसुद्धा बायकोने हलवलं तर मी येतंय म्हणतो.

मी दिसलो की लोक दारं लावून घेतात. एकाने तर माझं बोट दारात सापडेल हे बघून लावलं. दुसऱ्या मजल्यावरचा अँटेना कोणीतरी उखडून कचऱ्याच्या डब्यात टाकला आहे, केबल कापली आहे. मोठ्या बाईंना सांगितलं. म्हणाल्या, उंदीर असतील. उंदीर पक्कड घेऊन फिरत असावेत.

परत जोडलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

चौथा मजला झाला. या मजल्यावर अजून एकही अँटेना लावलेला नाही. लावण्याआधीची नोंद म्हणून फिरत होतो. सगळं लाल येणार असंच धरून चाललो होतो. पण प्रत्येक ठिकाणी उत्तर आलं. मागचा कोपरा, जिथे तीन बाजूंनी जाड भिंत आहे, तिथे तर सगळ्यात स्वच्छ. येतंय का? येतंय. कानाशी बसून बोलल्यासारखं.

हे विचारायला खाली गेलो तर तळघराला कुलूप. शिडी रस्त्यापलीकडून चहा पिऊन येत होता. म्हणाला, मी केव्हाचा तिकडेच आहे, फोन बंद पडला, तुम्हाला सांगायला वर येणारच होतो. मी म्हणालो, चेष्टा पुरे. त्याने फोन पुढे धरला. बॅटरी संपून काळा पडलेला होता. माझ्या फोनवर मात्र तो कॉल दिसतो आहे, पूर्ण लांबीचा.

म्हणाला, तुम्हीच स्वतःला उत्तर देत असाल. पण हे म्हणताना तो हसला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, तुम्ही नेमके शब्द काय वापरलेत. मी सांगितले. मग म्हणाल्या, आम्ही इथे टेबलावरच्या फोनवरसुद्धा असं विचारत नाही. उचलला की फक्त बोला म्हणतो. तुम्ही रिकाम्या खोल्यांमधून येतंय का, येतंय का करत फिरलात, आणि त्याने हो म्हटलं. कोणी, असं मी विचारलं. म्हणाल्या, ते आम्ही कधी विचारलं नाही म्हणून तर इथे नोकरी करतो. तुम्हाला इतका शहाणपणा करायला कोणी सांगितलं होतं.

मग दार दाखवलं.

संध्याकाळी शिडी गेला. लिफ्टमध्ये त्याच्या खिशातून आवाज आला म्हणे. फोन बंद होता. हत्यारांची पिशवी इथेच टाकून गेला. मला म्हणाला, तुम्हीही निघा हो, काम काय कुठेही मिळतं. पण खोली कुठेही मिळत नाही. खारूसाठी मला ही खोली हवी आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एकटाच काम करतो आहे. माझ्या खोलीत पूर्ण रेंज आहे. खाटेवर बसून खारूला फोन केला. सवयीने पहिलं वाक्य तेच गेलं तोंडातून. ती म्हणाली, हो बाबा, येतंय.

फोन ठेवल्यावर तिचं ते उत्तर आठवत राहिलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खारू म्हणाली, बाबा, काल तू परत फोन केलास ना, खूप मजा आली.

मी केला नव्हता.

म्हणाली, तू आईच्या गोष्टी सांगितल्यास. ती उलट्या चपला घालून दुकानात गेली होती आणि परत येईपर्यंत तिला कळलंच नव्हतं, ती गोष्ट. खारू हसत होती. तिच्या आईचं नाव निघाल्यावर ती हसली, असं आई गेल्यापासून पहिल्यांदाच झालं. ती गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. तेव्हा आम्ही दोघंच होतो.

मग ताईने फोन घेतला. म्हणाली, बरं झालं रे बाबा, एकदाचा मोकळा झालास. मला किती बरं वाटलं.

तो मी नव्हे, असं म्हणणं मला जमलं नाही. तिचा आवाज भरून आला होता.

१४ फेब्रुवारी, शनिवार

यंत्र बंद केलं. मुख्य केबल काढली. फोनवर रेंज पूर्ण.

गच्चीवरचा अँटेना उतरवला. रेंज पूर्ण.

सगळे लहान अँटेना काढून पोत्यात भरले. रेंज पूर्ण. तळघरात, लिफ्टमध्ये, चौथ्या मजल्याच्या मागच्या कोपऱ्यात. इतकी चांगली रेंज मी आजवर कुठल्याच इमारतीत आणू शकलो नव्हतो.

त्या कोपऱ्यात उभा राहून, फोन कानाला लावून विचारलं, तू कोण आहेस. बराच वेळ विचारत राहिलो. दर वेळी एकच उत्तर.

येतंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. उद्या दोघी निघताहेत. तूच तर सांगितलंस, खोली तयार आहे, खाट आली, परीक्षा काय पुढच्या वर्षीही देता येईल.

पळत कोपऱ्यावर गेलो. तिथून फोन केला. म्हणालो, येऊ नका. मी तसं काही बोललो नाही. कोणीतरी माझ्या आवाजात—

ती चिडली. म्हणाली, हे तुझं नेहमीचं. आज हो, उद्या नाही. मघाशी किती नीट बोललास, आता पुन्हा ते तुटक-तुटक. कुठला खरा धरू मी? तो मघाचाच बरा होता.

ठेवून दिला.

पुन्हा लावला. खारूने घेतला. म्हणाली, तुझे फोन सारखे येतात, ताईआत्या आता वैतागली आहे. काल संध्याकाळी तेवढा आला नाही.

काल संध्याकाळी मी चौथ्या मजल्यावर होतो. त्याच्याशी बोलत.

म्हणजे मी लाइनवर असलो की त्याला दुसरीकडे जाता येत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

कोपऱ्यावरून फोन केला. ताईला म्हणालो, फक्त खारूला दे, मग तुला हवं ते कर.

खारूला तिच्या आईबद्दल सांगितलं. मी. स्वतः. शेवटच्या आठवड्यात तिला खारूची वेणी घालायची होती आणि हात वर जात नव्हते. मग ती सांगत गेली आणि मी घातली. वाकडी झाली. ती म्हणाली, असू दे, शाळेत सांग आईने घातली.

एवढं सांगायला मला फार वेळ लागला. मधे मधे थांबत होतो.

खारू म्हणाली, हा तूच आहेस बाबा. तो मधे थांबत नाही.

ताईने फोन घेतला. तिचा आवाज बदलला होता. म्हणाली, येत नाही आम्ही. आत्ताच दुकानात जाते, हा नंबर बंद करून नवा घेते. पण बंद व्हायला संध्याकाळ तरी होईल. तोवर काय करू रे?

म्हणालो, उचलू नका. तोवर मी त्याला बघतो.

पण खारू उचलेल. बापाचा आवाज आहे तो.

परत आलो तर दारात मोठ्या बाई. आज सगळ्यांना लवकर घरी पाठवलं आहे. म्हणाल्या, आत गेलात तर मी बाहेरून शटर ओढून घेईन. मी म्हणालो, ओढा. म्हणाल्या, तुम्ही बोलावलंत, आता तुम्हीच बसा त्याच्यापाशी. ओढलं त्यांनी. कुलूप लावल्याचा आवाज मी ऐकला.

१६, दुपार

खोलीत बसलो आहे. फोन कानाशी. बोलता बोलता लिहितो आहे.

त्याला इकडचं तिकडचं चालत नाही. केबल, काचा, भिंती, हे बोलायला लागलो की माझ्या फोनवर आपोआप ताईचा नंबर उमटतो. घंटी जायला लागते. खारूच्या आईबद्दल बोललं की थांबतो.

म्हणून तिच्याबद्दल. सगळं. लग्नाआधीचं. आजारपणाचं. ती घोरायची ते. ती रागावली की भांडी दोनदा घासायची ते.

मधे थांबता येत नाही. थांबायची सवय आहे मला. आत्ता थांबलो तर घंटी गेली, एक, लगेच पुढचं सांगितलं—

येतंय का, असं मी आता विचारत नाही. तो आपणहून म्हणतो.

येतंय.

मग बराच वेळ काही नाही. मी बोलतोच आहे. लिफ्ट खाली आली. वीज मी सकाळीच बंद केली होती.

आलंय, म्हणाला. फोनमधून नाही.

दाराकडे बघत नाही. बोलतो आहे. उजेड अजून खिडकीत आहे, संध्याकाळ व्हायला वेळ आहे. खारू, उचलू नकोस. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा ती— हे सांगितलं का? सांगितलं. दुसरं. तिच्या हातचं अक्षर. ती गाणं म्हणायची ते, चुकीच्या शब्दांनी—

घसा कोरडा पडला आहे. आवाज जेमतेम फुटतो आहे.

फोन खांद्याने धरला. पेला विसळला. भरला. एक घोट घेतला, मग त्या दिवशी ती मला म्हणाली की—