थोरलीच्या चार रेघा

सोमवार, ४ तारीख

आलो एकदाचे. खोल्या झाडल्या, देव मांडले, मग चहा. हँगरच्या भिंतीला लागून दोन खोल्या मिळाल्या आहेत. खिडकीसमोरच त्याचं रुळांवर सरकणारं मोठं लोखंडी दार. नळाला दिवसभर पाणी! मी तीनदा सोडून पाहिला. हे म्हणाले, आपण फोटो विमानांचे काढायला आलोय की नळाचे?

आत तीन विमानं आहेत, जुन्या लढाईतली. आता उडत नाहीत. मालकांना त्यांचं कॅलेंडर छापायचं आहे. देखभाल सत्तरीचे एक मिस्त्री करतात. त्यांनी विमानांना थोरली, मधली, धाकटी अशी नावं ठेवली आहेत. म्हणाले, एका छपराखाली तीन जावा, मी कुणाचीच बाजू घेत नाही. पहारेकऱ्यांना सगळे जांभईकाका म्हणतात. का, ते दोन मिनिटांत कळलं. माणसं चांगली मिळाली. देवाची कृपा.

बुधवार, ६

आज धाकटीचे फोटो झाले. दारं लोटली की भरदुपारी आत काळोख. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवायचा, मग तो जागचा हलायचा नाही आणि विमानही नाही. एकाच जागेवरून नऊ फोटो. पहिला क्षणभराचा, त्यात नुसती काच चमकते. नववा तीस सेकंदांचा, त्यात चाकामागचा अंधारसुद्धा उजळतो. मी काळी साडी नेसून दिवा घेऊन फिरते, एकदा पंखांवर, एकदा पोटावर, एकदा शेपटावर. पाय हलते ठेवले की मी फोटोत उमटत नाही. मग हे कॉम्प्युटरवर नऊच्या नऊ एकावर एक बसवतात आणि ज्यात जे चांगलं आलं तेवढं घेऊन एकच फोटो करतात. म्हटलं, यात नवीन काय? चार भाज्यांतलं चांगलं तेवढं निवडून एक भाजी मी रोज करते.

सेकंद मोजायला मला घड्याळ लागत नाही. माझी बारा नामं म्हणजे दहा सेकंद. यांनी घड्याळाशी ताडून पाहिलं, बरोबर निघालं. हिशेबाच्या वहीत मागून पानं घातली आहेत. कुठल्या फोटोला किती नामं, दिवा कुठे, सगळं लिहून ठेवते.

शुक्रवार, ८

थोरली सगळ्यांत मोठी. नाकावर तीन पात्यांचा पंखा, एकेक पातं जवळजवळ माझ्याएवढं. इंजिन कधीच काढून नेलंय, पंखा नुसता शोभेचा. हाताने ढकलला तर फिरतो, एरवी नाही.

वैमानिकाच्या जागेखाली चार पांढऱ्या रेघा होत्या. मालक म्हणाले, कॅलेंडर घराघरात लागणार, पोराबाळांच्या नजरेला ते नको, फोटोतून काढा. मिस्त्रींचा चेहरा उतरला. रेघ म्हणजे माणूस, ते म्हणाले. तिनं घेतलेला. ज्यानं उडवली त्यानं परत आल्यावर स्वतः ओढलेल्या, त्यांना हात लावू नये.

मालक ऐकतात होय. पण नऊ फोटोंत चार-चार रेघा म्हणजे छत्तीस पुसायच्या, यांचा अख्खा दिवस जाणार. सगळे जेवायला गेल्यावर मी स्टुलावर चढले, थिनरचं फडकं घेतलं आणि मूळच्याच पुसून टाकल्या. दहा मिनिटांत लख्ख. यांना उद्या सांगेन. नाहीतर नकोच, आपोआप कळेल.

शनिवार, ९

सगळी खेप वाया गेली. नऊ फोटो एकावर एक बसवले तर बाकी विमान सुईसारखं जुळलं, पंखा मात्र नऊ ठिकाणी. हे माझ्यावर ओरडले, की हात कशाला लावलास. मी लावला नव्हता, शपथ घेतली. मग यांनी फोटो ओळीनं लावले. पंख्याच्या नादात रेघांकडे यांचं लक्षच गेलं नाही. पंखा दर फोटोत वीतभर सरकलेला. वहीशी ताडलं. माझा दिवा ज्या बाजूला, त्या बाजूला पातं खाली.

हे म्हणाले वारा असेल. दारं बंद होती.

सोमवार, ११

जांभईकाका गेले.

सकाळी झाडू मारत थोरलीच्या नाकापुढून चालले होते. मी दारात होते. जांभई द्यायला थांबले, हात वर केले, आणि पंखा फिरला. एकदाच. अर्धा फेरा. आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. डोकं खांद्यांवर नव्हतं आणि काका उभेच होते, हात वर केलेले. मग पडले.

पोलीस म्हणाले, जुनं यंत्र, कुठेतरी ताण साठला असेल. मिस्त्रींनी पात्यांना साखळदंड घातला. फरशी मीच धुतली. सहा बादल्या.

मंगळवार, १२

मालकांनी काम थांबवू दिलं नाही. फोटोतली साखळी नंतर पुसू, म्हणाले. मी दिवा लांबून धरला. नामं चुकत होती.

संध्याकाळी हे कॉम्प्युटरवरून मला हाका मारत राहिले. पहिल्या सहा फोटोंत वैमानिकाच्या जागेखालची बाजू कोरी. सातव्यात पुसट रेघ. आठव्यात अर्धी. नवव्यात पूर्ण, पांढरी, ओली, खाली ओघळ आलेला.

यांनी विचारलं, बाकीच्या तीन कुठे गेल्या? मी म्हटलं, मला काय माहीत.

खोटं बोलले. देवापुढे दिवा लावला नाही, लाज वाटली.

गुरुवार, १४

मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. पोरी, फडकं तुझं ना, एवढंच विचारलं. मी रडले. ते म्हणाले, चार होत्या, चार भरल्याशिवाय ती थांबायची नाही. उरलेल्या तीन मी रंगवतो, बघू फसते का.

शिडी लावली, चांगले मागच्या बाजूनं चढले. एक रेघ ओढली. ती टिकलीच नाही, पाण्यासारखी गळून गेली. तेवढ्यात साखळी तुटली. कडी सुटून शिडीला लागली आणि शिडी पुढे सरकली, पंख्याकडे. मिस्त्रींनी पंखाची कड धरली, लोंबकळत राहिले. मला म्हणाले, पळ. मी पळाले नाही, त्यांचा पाय धरून ओढत होते. पाय माझ्या हातात राहिला.

दोन रेघा झाल्या. मी बघितल्या. दुसरी भरताना बघितली.

शुक्रवार, १५

यांना सगळं सांगितलं. मारतील वाटलं. डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, जबाब झाले की निघू. हँगरला पोलिसांचं कुलूप आहे. कॅमेरा आत आहे.

आतून लोखंडावर लोखंड. थोड्या थोड्या वेळानं.

रविवार, १७

कुलूप काढलं. हे म्हणाले कॅमेरा घेतो आणि आलो. मी पदर पसरला. नवा घेऊ, माझ्या बांगड्या मोडा. म्हणाले, वेडी आहेस, तिच्या शेपटामागून जातो, पंखा तिथे कुठे.

शेपटामागूनच गेले. तिपाई खांद्यावर घेतली. माझ्याकडे बघून हात केला.

ती वळली. चाकांवर, जागच्या जागी. एवढं धूड, आवाज नाही, आणि नाक यांच्यापुढे —

हे तिपाई मध्ये घालत होते. पुन्हा पुन्हा. तिपाईचे तुकडे, मग हाताचे, मग —

पुढचं लिहवत नाही. मला हाक मारली होती. पूर्ण झाली नाही.

मंगळवार, १९

माझा दादा गाडीत बसलाय, दुपारपर्यंत पोचेल. पोलिसांनी पंचनामा करून यांना नेलं, हँगरची किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. यांना ताब्यात देईपर्यंत मी इथून हलणार नाही.

तीन रेघा. एकीची जागा रिकामी.

मालकांचा फोन. विमानांना गिऱ्हाईक ठरलंय, मी दहाला बघायला येतो, किल्ली तुमच्याकडे आहे ना. सगळं सांगितलं, पाया पडते म्हटलं. म्हणाले, वहिनी, तुमच्यावर प्रसंग मोठा आहे, जरा झोप घ्या.

मी फोन ठेवला.

जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही. आज चिंतलं. रेघा नकोत असं त्यांनीच म्हटलं होतं. चौथी त्यांची होऊ दे. दार मीच सरकवून ठेवलं, पूर्ण. देवापुढे बसले तर नाम आठवेना.

थोरली दाराकडे तोंड करून आहे. पंखा हळूहळू फिरतोय.

गाडी आली. मालक उतरले. फोनवर बोलताहेत, लांबच उभे —

गाडीचं मागचं दार उघडलं. नात. चार-पाच वर्षांची. विमान विमान ओरडत निघाली, कुणी हात धरला नाही — आजोबांची पाठ तिकडे —

खिडकीतून ओरडले. ऐकत नाही कुणी —

पंखा थांबला. एक पातं खाली. तिच्या उंचीला —

दाराच्या रुळात चप्पल अडकलीय तिची. वाकलीय, ओढतेय. तेवढाच वेळ —

देवा, ही नको. फडकं माझं होतं. चौथी माझी, मी जातेय. दादा आला तर त्याला एवढंच सांगा, की मी दार —

चप्पल निघा