दहाव्या गाण्यातली बकरी

बुलढाणा,
सोमवार

आदरणीय प्रेमानंदमामा यांना भाचा धम्मरत्नचा मनापासून जय भीम.

हे पत्र पोळ्यापासून पुढं ढकलत आलो. आधी पेन नव्हता. पेन आला तर जळगाव जामोदला साऊंडवाल्याकडं काम लागलं. मग ते सुटलं (त्यात माझी चूक नाही, भेटल्यावर सांगीन), आणि आता इथं बुलढाण्यात एका मांडववाल्याच्या गोदामावर खोली घेऊन राहतो. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'हाव' आणि 'ठेव' याच्यापुढं जात नाही, आणि माझा राग दोन शब्दांत मावणारा नाही. तुमचा गुडघा आता कसा आहे? चांगुणामामींनाही जय भीम सांगा. इकडं माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त डोकं तापलेलं आहे.

मामा, माझा अपमान झाला. माझा म्हणजे तुमचाही, कारण तो तुमच्या कॅसेटवरून झाला.

इथं कोर्टाच्या मागं शेषराव सर म्हणून एक शिकवणीवाले आहेत. त्यांच्या वरच्या खोलीत दर रविवारी श्रवण मंडळ भरतं. परदेशी रॉकचा एक अख्खा अल्बम लावायचा, मधे बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. (पाय हलवायचा नाही! मग ऐकायचं कशानं? मी एकदा नुसता अंगठा हलवला तर शेजारचा माणूस त्याच्याकडं विंचवाच्या नांगीकडं पाहावं तसा पाहत बसला.) मी गेलो होतो त्यांचा फाटका स्पीकर पाहायला, आणि तिथंच बसलो. अल्बम संपला की चहा, आणि चहावर भांडणं. सरांचं दैवत म्हणजे 'सायलेंट फर्नेस, भाग दोन'. मला भाग एक बरा वाटला असं मी म्हणालो, तर सर इतके गोड हसले की मला माझीच कीव आली. म्हणे, भाग एक मंगल कार्यालयात लावायला ठीक आहे. दुसरे एक बँकेतले गृहस्थ आहेत. त्यांच्या मते तो बँड ड्रमवाला बदलला तेव्हाच मेला. त्यामुळं नंतरचा अल्बम लागला की ते उठून जिन्यात उभे राहतात, आणि चहा आला की परत येतात.

तरीही मला त्या मंडळात शिरायचं होतं, मामा. तुम्हाला माहीत आहे, मी कुठं टिकत नाही. आयटीआय अर्धं सोडलं, अकोल्याला राहिलो, परत आलो. पण त्या खोलीत पहिल्यांदा वाटलं की इथं आपण वर्षभर बसू. नव्या माणसानं आपला सगळ्यांत आवडता अल्बम आणायचा आणि तो सगळ्यांनी मान्य केला तर सभासद, असा तिथला कायदा. मी विचारही केला नाही. 'टिन वेदर'ची कॅसेट घेऊन गेलो. तीच, जी तुमच्या काळी-पिवळी जीपमधे मेहकर ते जानेफळ वाजायची. (त्यातला गवई दुसऱ्या गाण्यात ओरडायला लागला की मागच्या सीटवरची एक म्हातारी दर वेळी म्हणायची, "हा माणूस काऊन रडून राह्यला? त्याले पाणी पाजा." मंडळातल्या एकाचाही कान तिच्याइतका चांगला नाही, हे मी लिहून देतो.)

कॅसेट पाहूनच सर विरघळले. खरा आवाज हाच, म्हणाले. नऊ गाणी झाली, एकदोघांनी नाक मुरडलं. मग दहावं. तुम्हाला आठवतंच ते. गाणं म्हणणारा कुणी नाही, एकटी गिटार, डोक्यावर ओझं घेऊन कुणी घाट चढावा तशी हळूहळू वर येणारी, आणि वर पोचली पोचली म्हणता अचानक बकरी ओरडते आणि संपतं. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग ते चहा निवेपर्यंत बोलले. ती बकरी म्हणजे यंत्रयुगातला माणूस, म्हणाले. बँकवाले म्हणाले, ती गिटारीच्याच सुरात ओरडते, असं धाडस आता उरलं नाही. सर तर म्हणाले की कॉलेजात असताना हे दहावं गाणं आम्ही रात्र रात्र ऐकत होतो!

तेवढ्यात सारिकानं (ती मेडिकलच्या दुकानात कामाला आहे, मंडळात तीच काय ती खरी ऐकते) मोबाईल पाहून म्हटलं, "सर, ह्या अल्बमात नऊच गाणे आहेत."

मी म्हणालो, कंपनीनं नंतर कापलं असेल. पण सरांनी चष्मा परत घातला होता. म्हणाले, मला आधीपासूनच ती बकरी गावठी वाटत होती, कॅसेट भरणाऱ्यानं काहीतरी लोकल कोंबलेलं आहे, आणि ही मंडळाची फसवणूक आहे. आणि मला जिना दाखवला. मामा, तेच कान, तीच गिटार, तीच बकरी! मग मघाचं पाणी कुठल्या डोळ्यांतून आलं होतं बे? (तुम्हाला नाही म्हणालो, त्यांना.) जे गाणं अल्बमात नव्हतंच ते ह्यांनी कॉलेजात रात्र रात्र ऐकलं, आणि फसवणूक मी केली!

सारिका मागून जिन्यात आली. म्हणाली, "दहावं मले परत आयकाचं आहे. वाजवणाऱ्याले रविवारी घेऊनच ये, मंग पाहू कोण काय म्हणते." मी सांगितलं, मला त्या मंडळाचं तोंडही पाहायचं नाही. सभासदपण त्यांनाच लखलाभ होवो.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आठवण, आणि तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा भाचा,
धम्मरत्न

ता. क. वर 'तोंडही पाहायचं नाही' लिहिलं ते खरं धरू नका. पत्र लिहायचं कारणच हे की, मामा, ती गिटार तुमची आहे ना? कॅसेट शेवटी कोरी राहिली आणि तुम्हीच ती भरली, हे मला काल रात्री उमगलं. ते वाजायला लागलं की तुम्ही गाडी हळू करायचे, हात केलेली सवारीसुद्धा घ्यायचे नाही. एवढी कला, आणि कधी एक शब्द बोलला नाहीत! रविवारी पहिल्या गाडीनं या. गिटार नसेल तर मी ऑर्केस्ट्रावाल्याची आणतो.

आणखी एक ता. क. सकाळी मामींना फोन करून सरांच्या रडण्यासकट सगळं सांगितलं आणि विचारलं की त्यातली बकरी कुणाची. त्यांनी उलट माझी खोली कुठं आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. माझं काही चुकलं असेल तर त्यांची समजूत तुम्ही काढा.

शेवटचं. पाकीट चिकटवत होतो तर जिन्यावर पावलं वाजली. दारात मामी! एसटीनं आल्या आहेत, खांद्यावर वाकळेत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी. त्यांच्या वडलांच्या गायन पार्टीतली गिटार आहे ती. मी म्हटलं, मामांनी पाठवली का? मामी इतक्या हसल्या की मांडवाच्या खुर्चीवर बसावं लागलं. म्हणाल्या, "त्यायले कुठी वाजवता येते? मी वाजवत होती. त्यायच्याकडं फक्त बकरी धराचं काम होतं, तेबी जमलं नाही."

आता तारा जुळवत बसल्या आहेत आणि तो मास्तर खरंच रडला का, हे मला पुन्हा पुन्हा विचारत आहेत. रविवारपर्यंत इथंच राहणार म्हणतात. भाकरी तुमची तुम्ही थापा.