आप्पांच्या हातचे पोहे

॥ श्री ॥

पूर्णगड, भाद्रपद वद्य ४, शके १८५३

चि. सौ. चिमा हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद. उ. वि.

इकडे सर्व क्षेम. गणपती पोचवले आणि दोन दिवसांनी तुझा दादा लवू नि वहिनी मैना मुंबईस गेली. निघताना लवू बोलला की दिवाळी झाली की घराला कुलूप घाला, गुरं धोंडूच्या गोठ्यात बांधा आणि आमच्याकडे या. मी बोललो, बरं. त्याला वाटलं मी कबूल झालो. मी फक्त ऐकून घेतलं होतं.

तुझी आई जाऊन दीड वर्ष झालं. इतके दिवस यमुनाबाई भावजय दोन्ही वेळा ताट पाठवायची. तिचे उपकार मोठे, पण परवा मी तिला हात जोडून ते बंद केलं. वरचं फडकं काढीपर्यंत आज आपल्या पोटात काय जायचं आहे हे माणसाला ठाऊक नसावं, ही काय जगण्याची रीत झाली? पस्तीस वर्षं मचवा हाकला आहे, त्यातली पहिली चार मचव्यावर भातच शिजवला. चूल म्हणजे काही तुफानातला समुद्र नव्हे.

भात होतो, माशाची कढी होते. पण कुळथाची पिठी हात देत नाही. काल गुठळ्या गुठळ्या झाल्या. धोंडू खलाशी जेवायला होता. तो बोलला, तांडेल, गोट्या झकास झाल्या आहेत, गळाला लावू या का? तरी दोघांनी संपवली.

तुला सातवा लागला की आश्विनात मी मचवा घेऊन न्यायला येतो. पहिलं बाळंतपण माहेरचं. तुम्हा दोघांना ह्या जगात आणणारी गंगुबाई सुईण अजून दोन घरं टाकून राहते आणि अजून तितकीच ओरडते. गेली दिवाळी सुतकाच्या वर्षात अंधारात गेली. यंदा पहिल्या अंघोळीला नव्या भाताचे पोहे ह्या घरात होणार आणि ते मी करणार. वाडीतले हसतात. हसू देत.

तेव्हा पिठी, तवशाचं धोंडस आणि पोहे ह्यांची कृती नीट लिही. ‘अंदाजाने’ हा शब्द लिहू नकोस. तुझी आई सगळं अंदाजाने करायची, नि तो अंदाज बरोबर घेऊन गेली.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. जिवाला जप. माझी माया तुला ठाऊकच आहे, ती लिहून काय सांगू?

तुझा आप्पा

॥ श्री ॥

मिरकरवाडा, भाद्रपद वद्य १२

तीर्थरूप आप्पांचे सेवेशी, बालके चिमाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पिठीचं वाचून इतकी हसले की सासूबाई मासळी वाळत घालायची सोडून बघायला आल्या.

आप्पा, पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलंत ना? तिथेच घात झाला. तीन मोठे चमचे पीठ आधी वाटीभर थंड पाण्यात कालवायचं, बोटाने, एक गुठळी राहता नये. तेलात आठ पाकळ्या लसूण ठेचून लाल करायची, दोन सुक्या मिरच्या मोडून घालायच्या, त्यावर तीन वाट्या पाणी, दोन आमसुलं, मीठ. उकळी आली की एका हाताने कालवण सोडायचं नि दुसऱ्या हाताने ढवळायचं. ढवळणारा हात थांबला की गोट्या झाल्याच.

धोंडसाला तवसं चांगलं पिकून पिवळं झालेलं घ्या, कोवळी काकडी नको. दोन्ही टोकं कापून चाखून बघा, कडू निघालं तर गुरांना. बिया काढून किसायचं, पाणी पिळून टाकायचं नाही. दोन वाट्या किसाला एक वाटी तांदळाच्या कण्या, तुपात तांबूस भाजून. कीस, पाऊण वाटी गूळ, मूठभर ओलं खोबरं, चिमूट मीठ एकत्र उकळवायचं, मग कण्या घालायच्या. जाड टोपात तळाला हळदीचं पान, वर मिश्रण, त्यावर झाकण. खाली मंद निखारे नि झाकणावरही निखारे. सुरी कोरडी निघाली की झालं. गरम असताना कापायचं नाही. हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण आई असताना तुम्हीच पहिले कापायचात आणि नाव माझं सांगायचात.

पोह्यांचं पुढे कधीतरी लिहीन. न्यायला यायची मात्र घाई करू नका. समुद्र अजून खवळलेला असेल. माझी तब्येत चांगली आहे, सासूबाई खायला-प्यायला कमी करत नाहीत. ह्यांचं मुंबईहून पत्र येतं. काळजी नसावी.

पिठी जमली की कळवा. लेकीवरचा जीव आहे तसाच राहू दे.

आपली चिमा

॥ श्री ॥

मुंबई, आश्विन शुद्ध ३

तीर्थरूप आप्पांचे सेवेशी, बालक लवूचा शि. सा. न. वि. वि.

काल गोदीत आपला जावई विठू भेटला. तो बोलला की चिमाचं बाळंतपण मिरकरवाड्यालाच करायचं असं त्याच्या आईने ठरवलं आहे. येसूबाईंचं म्हणणं, आई गेली तिथे माहेर संपलं. बाईमाणूस नसलेल्या घरात सून पाठवून लोकांत हसं करून घ्यायचं नाही. विठूला आईपुढे बोलवत नाही. चिमाला हे महिनाभर ठाऊक आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नसेल.

आप्पा, राग मानू नका, पण त्या बाईचं काय चुकलं? तुम्ही मुसळ घेऊन पोहे कांडणार म्हणता, हे इथे गोदीपर्यंत आलं आहे. माणसं मला विचारतात. तांडेलांच्या मुलाने काय सांगायचं? साठी उलटली, आता हट्ट पुरे. दिवाळीनंतर या. मैनाही वाट बघते आहे.

मुलाचं बोलणं कडू लागलं तरी आत माया आहे, हे ध्यानी घ्यावं.

आपला लवू

॥ श्री ॥

पूर्णगड, आश्विन शुद्ध ९

गं. भा. येसूबाई विहीणबाई यांस भागोजी तांडेल याचा सा. न. वि. वि.

आपण मिरकरवाड्याच्या बंदरावर सुकी मासळी विकून विठूला एकटीने वाढवलंत. वाढवताना त्या घरात बापमाणूस नाही असं आपल्याला कितीजणांनी ऐकवलं असेल. आपण घर मोडलं नाहीत. म्हणूनच आपल्याशी सरळ बोलतो.

आई गेली तिथे माहेर संपलं असं आपण बोललात, असं कळलं. चिमाची आई गेली, हे खरं. चिमाचा बाप गेलेला नाही. तो रोज सकाळी चूल पेटवतो. पिठी त्याला जमते. धोंडस एकदा करपलं, दुसऱ्यांदा जमलं. सुईण हाकेच्या अंतरावर आहे. बाळंतिणीची खोली मी स्वतः सारवली, खाटेला नवा काथ्या विणला. अळीव, डिंक, शेपा भरून ठेवल्या आहेत. बाईमाणूस नाही म्हणून काय उणं पडेल ते आपण सांगावं. मी शिकून घेईन.

लोक हसतात हे मलाही ऐकू येतं. लोकांनी आजवर माझ्या लेकीला एक वेळ जेवू घातलेलं नाही, तेव्हा त्यांच्या हसण्याचा हिशेब मी धरत नाही.

वद्य नवमीला मी मचवा घेऊन मिरकरवाड्याला येईन. आपण नाही म्हणालात तरी येईन. तोंडावर नाही म्हणा, म्हणजे परत जाईन, पुन्हा येण्यासाठी.

अधिकउणं लिहिलं असल्यास पोटात घालावं. लोभ मागत नाही, फक्त न्याय असू द्यावा.

आपला भागोजी

॥ श्री ॥

मिरकरवाडा, आश्विन पौर्णिमा

श्री. भागोजी तांडेल यांस येसूबाई यांचा सा. न. वि. वि.

(सासूबाई सांगतात, मी लिहिते. — चिमा)

आपलं पत्र सुनेने वाचून दाखवलं. मधे तिला दोनदा थांबावं लागलं. आपण हुशार आहात, पण बाळंतपण म्हणजे मचवा नव्हे. पिठी जमली म्हणून बाळंतीण सांभाळता येत नाही. बापाची माया कितीही असली तरी रात्री-अपरात्री लेक बापाला काय सांगणार? लाजेने गप्प राहील नि दुखणं अंगावर काढील. सातव्या महिन्याची बाई समुद्रावर आणायची हेही मला पसंत नाही. सून माझी आहे, तिचं मी बघीन. आपण येऊ नये. कळावे, राग नसावा.

येसूबाई

आप्पा, वरचं त्यांनी सांगितलं तसं अक्षर न बदलता लिहिलं. आता माझं.

एक शेर नवं भात गरम पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी निथळून, मूठ मूठ घेऊन खापरात भाजा. तडतडू लागलं की गरम असतानाच उखळात. दोन मुसळं हवीत, एकाचं वर तेव्हा दुसऱ्याचं खाली, नाहीतर एकमेकांवर आपटतील. धोंडूकाकांना घ्या. सुपात पाखडा, पुन्हा कांडा. मग गुळाचे, दह्याचे, चिंच-नारळाच्या रसातले कोळाचे आणि कांदा-मिरचीचे तिखट, असे चार तरी करा. आईच्या वेळी चार होते.

मागल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मला यावंसं वाटलं असतं. आता वाटतंच आहे. आप्पा, नवमीला या. त्या नाही म्हणाल्या तर मी त्यांच्यासमोर हो म्हणेन. लाजेचं म्हणाल, तर गंगुबाईंना सांगेन, आणि त्या नसतील तेव्हा तुम्हालाही सांगेन.

तुमचीच चिमा

॥ श्री ॥

पूर्णगड, कार्तिक शुद्ध ४, शके १८५३

तीर्थस्वरूप लवूदादास चिमाचा शि. सा. न. वि. वि.

वरचं गावाचं नाव वाचून चमकला असशील. मी पूर्णगडलाच आहे. सगळं सविस्तर लिहिते, कारण आप्पा लिहिणार नाहीत. त्यांच्या हाताला मुसळाचे फोड आले आहेत.

नवमीला आप्पा आणि धोंडूकाका टोपात धोंडस घेऊन दारात उभे राहिले. सासूबाईंनी नाही म्हटलं. मी गाठोडं घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, मी जाणार. सासूबाई बोलल्या, तुझ्या बापाला लिहिलेल्या पत्रात मी सांगितलं त्याच्या दुप्पट ओळी होत्या, मला वाचता येत नाही पण मोजता येतं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी दाराला कडी घातली, लुगड्याचा पदर खोचला आणि बोलल्या, मीही येते, ती खोली डोळ्यांनी बघते. नाही पटली तर सुनेला घेऊन त्याच पावली परत. आणि मचव्यात सर्वांत पुढे जाऊन बसल्या. समुद्र तळ्यासारखा होता. आप्पांनी मला एक हिसका बसू दिला नाही.

इथे त्यांनी खोली बघितली, खाट हलवून बघितली, डिंक दाताखाली फोडून बघितला. चूक सापडेना तसतशा जास्त चिडत गेल्या. गंगुबाईंना बोलावून उलटसुलट विचारलं. गंगुबाई त्यांच्यावरही ओरडल्या. मग जरा निवल्या. दिवाळी होईपर्यंत राहते म्हणाल्या.

पोहे कांडायला आप्पा आणि धोंडूकाका. शीड ओढताना हाळी देतात तशी हाळी देत कांडत होते. निम्मी वाडी कुंपणाशी जमली, हसली, आणि शेवटी यमुनाकाकूच आत येऊन सूप घेऊन पाखडायला बसल्या.

पहिल्या अंघोळीच्या पहाटे आप्पांनी चार तऱ्हांचे पोहे केले. दह्याच्या पोह्यांत मीठ जास्त झालं, हे त्यांनी वाढायच्या आधीच सांगून टाकलं. सवयीने सासूबाई वाढायला उठल्या, पळीला हात घातला. आप्पांनी पाट मांडला आणि बोलले, विहीणबाई, आज ह्या घरात वाढणारा मी, तुम्ही बसा. त्या बसल्या. कोळाच्या पोह्यांचा एक घास घेतला आणि हात थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

दादा, त्या अकरा वर्षांच्या असताना लग्न झालं, आणि त्याच वर्षी त्यांची आई गेली. दिवाळीला न्यायला कोणी आलं नाही म्हणून त्यांनी वडिलांना निरोप धाडला. वडिलांनी उलट निरोप दिला की पोरी, घरात करून घालणारं कोणी नाही, येऊन काय करशील? पुढली तीन वर्षं त्या दिवाळीच्या आधी बंदरावर जाऊन उभ्या राहत होत्या. मग जायच्या थांबल्या. चाळीस वर्षांत दिवाळीच्या सकाळी आपण बसलोय आणि दुसरं कोणी वाढतंय, असं त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही. हे सगळं त्यांनी खाली बघून सांगितलं. बापाला चूल पेटवता येत नव्हती असं नाही, बोलल्या. पेटवावी असं त्याला वाटलं नाही.

आप्पांनी त्यांच्या पानात आणखी पोहे वाढले. सासूबाईंनी ते सगळे खाल्ले, खारट दह्याचेसुद्धा.

मी आता बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत इथेच राहणार, हे त्यांनीच सांगितलं आणि ह्यांनाही तसं कळवायला लावलं. तूही आता माणसांना गोदीत सांग, तांडेल पोहे कांडतात आणि चांगले कांडतात. घराला कुलूप लागणार नाही. पौषात मैनावहिनीला घेऊन ये. यायचं नसेल तर आप्पांना पुन्हा तसं पत्र तरी लिहू नकोस. लिहिलंस तर त्याचं उत्तर मी देईन.

काल सासूबाई परत गेल्या. आप्पा त्यांना पोचवायला मचव्यापर्यंत गेले आणि पुढल्या दिवाळीचं आमंत्रण देऊ लागले. त्यांनी आप्पांना मधेच थांबवलं. बोलल्या, आमंत्रण पाहुण्यांना देतात, मी आपली येईन.

वहिनीला नमस्कार. धाकट्या बहिणीची जीभ लांब झाली म्हणून माया आखडती घेऊ नये.

तुझी चिमा